चालतंय ना, मग कशाला हात लावताय?

मराठी भाषेत मला सगळ्यात जास्त डोक्यात जाणारं वाक्य कुठलं असेल तर ते वरचं. हे वाक्य मी बाबांकडून ऐकलंय, काकाकडून ऐकलंय, ऑफिसात मॅनेजरकडून ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःही कितीतरी वेळा म्हटलंय. पण गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी खंबाटकी घाट चढताना आमच्या गाडीच्या डॅशबोर्डखालून धूर यायला लागला, तेव्हापासून मी हे वाक्य म्हणणं सोडून दिलंय. आज त्याचीच कहाणी, आणि त्यानिमित्तानं थोडं भांडण. भांडण कुणाशी ते शेवटी कळेलच.

आधी गाडीची ओळख. १९८९ ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी घेतलेली. आमच्या पिढीला पद्मिनी म्हणजे मुंबईची काळीपिवळी एवढंच माहीत असतं, आणि त्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. मूळची ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं साठच्या दशकापासून ती इथे बनवली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढे सोफ्यासारखी सीट. आजोबा गेले २०११ साली. गाडी विकायचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आजी नुसती गप्प बसली. विषय संपला.

तर त्या रविवारी आम्ही वाईला निघालो होतो. मी गाडी चालवत होतो, बाबा शेजारी, मागे आई आणि आजी. आजीचं वय ८३, गुडघे पार गेलेले. गाडीत बसायला तिला तीन-चार मिनिटं लागतात, उतरायला त्याहून जास्त. हे वाक्य नीट वाचा, कारण ह्या लेखातला सगळा राग ह्या एका वाक्यातून आलेला आहे.

घाटात दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर आधी गाणं बंद पडलं. मग रबर जळाल्यासारखा वास, आणि मग डॅशबोर्डखालून पांढुरका धूर. मी गाडी कडेला घेतली, चावी बंद केली. धूर सुरूच! चावी बंद केल्यावरही धूर थांबत नाही ह्याचा अर्थ काय, हे कळायला मला दोन-तीन सेकंद लागली. आयुष्यातली सगळ्यात लांब दोन-तीन सेकंद. बॉनेट उघडलं आणि बॅटरीचं टर्मिनल हातानं उपटलं. हातानं, कारण ते ढिलं होतं. घट्ट बसवलेलं असतं तर पाना शोधत बसलो असतो. म्हणजे बघा, त्या दिवशी आम्हाला वाचवलं ते कुणाच्या तरी दुसऱ्या हलगर्जीपणानं. मागे वळून पाहिलं तर आई आजीला बाहेर काढायचा प्रयत्न करत होती, आणि आजीचा एक पाय अजून गाडीतच होता.

धूर थांबला. कुणाला काही झालं नाही. गाडी टो करून पुण्याला आणली. संध्याकाळी बाबा चहा पिताना काय म्हणाले असतील? "चार वर्षं तर चालत होतं व्यवस्थित."

तिथे माझी सटकली.

पुढच्या शनिवारी मी डॅशबोर्ड खोलला. डिग्री कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची, पण पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल असतं आणि घरात मल्टिमीटर आहे, तेवढ्या भांडवलावर. आत जे दिसलं त्याला वायरिंग म्हणायचं धाडस होत नाही. उत्खनन म्हणा हवं तर. सगळ्यात खालच्या थरात आजोबांच्या जुन्या रेडिओच्या वायरी. त्यावर नव्वदीतला कॅसेट प्लेअर. त्यावर २०१८ साली बसवलेला यूएसबीवाला सेट, त्यावर २०१९ चा दुसरा सेट, आणि सगळ्यात वर २०२१ चा तिसरा सेट नि डिकीतल्या वूफरचा अँप्लिफायर. प्रत्येक थरात आधीच्या वायरी मधेच कापलेल्या, पिळलेल्या आणि वर काळी टेप. टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळून तिचं कधीच डांबर झालेलं. पाच वेगवेगळ्या कामांच्या वायरी, आणि पाचही लाल! का? तर ज्याच्याकडे त्या दिवशी लाल बंडल होतं त्यानं लाल वापरली.

धुराचं कारण मात्र शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. अँप्लिफायरची मेन वायर बॅटरीपासून निघून, इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भोकातून आत आली होती. त्या भोकाला रबराचं बूश नाही. नुसती पत्र्याची धार. चार वर्षं गाडी हादरत होती आणि ती धार वायरीचं इन्सुलेशन खात होती. खाऊन झालं त्या दिवशी तांबं पत्र्याला टेकलं.

आता तुम्ही म्हणाल, फ्यूज असेल ना. होता तर! बॅटरीशेजारी फ्यूज-होल्डर होता. त्यात जळका फ्यूज होता, आणि त्याच्याभोवती सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती.

इथे थोडं गणित करू, कारण 'फ्यूज उडतो म्हणून चांदी लावली' हे आपल्याकडे इतकं सहज सांगितलं जातं की त्यात काही चूक आहे हेच कुणाला वाटत नाही. लोकांना वाटतं फ्यूज सेटला वाचवतो. नाही हो! फ्यूज वायरीला वाचवतो. एक चौरस मिलिमीटर जाडीची दोन मीटर तांब्याची वायर घ्या. तिचा रोध साधारण ०.०३४ ओहम. ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून निघून थेट बॉडीला टेकली तर बॅटरीचा आतला रोध आणि टेकण्याची जागा धरूनही शेकड्यानं अँपिअर वाहू शकतात. ती वायर बनलीये दहा-पंधरा अँपिअरसाठी. म्हणजे काही सेकंदांत वायरीची शेगडी होणार. मध्ये १० अँपिअरचा फ्यूज असता तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उडाला असता, गाणं बंद पडलं असतं, आम्ही वाईला जाऊन मिसळ खाल्ली असती. आणि म्हणूनच फ्यूज बॅटरीच्या जवळ लावायचा असतो, सेटच्या मागे नाही. सेटमागचा फ्यूज बॅटरीपासून सेटपर्यंतच्या दोन मीटर वायरीचं काहीच रक्षण करत नाही.

फ्यूज वारंवार उडत होता म्हणजे गाडी काहीतरी सांगत होती. आपण तिच्या तोंडात चांदीचा बोळा कोंबला.

आता पुढचा मुद्दा. 'चालतंय' ही तपासणी नाही. सेटला करंट देणारा एक जोड मला सापडला, दोन वायरी पिळून टेप मारलेला. मल्टिमीटर बीपवर ठेवून टोकं लावली. बीप! म्हणजे वायर चांगली? हाच समज मीही इतकी वर्षं बाळगून होतो. बहुतेक मल्टिमीटर काही ओहमांपासून काही दहा ओहमांपर्यंत रोध असला तरी खुशाल बीप देतात, कारण ते तपासताना अगदी नगण्य करंट सोडतात. वायरीतला एक तार शिल्लक असला तरी बीप वाजतो. मग मी सेट चालू करून, आवाज वाढवून, त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजलं. जवळपास १.८ व्होल्ट तिथेच खर्ची पडत होते, ६ अँपिअर जात असताना. म्हणजे रोध ०.३ ओहम, आणि उष्णता जवळजवळ ११ वॅट. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. डॅशबोर्डच्या आत, कापूस आणि रेक्झिनला खेटून, अर्धं सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून आम्ही आजीला देवदर्शनाला फिरवत होतो. आणि चालत होतं की! गाणी एकदम मस्त लागत होती.

तिसरी गोष्ट ऐकून तर हसावं की रडावं कळत नाही. २०१८ चा सेट काही दिवसांतच जळाला. २०१९ चा सेट पहिल्यापासूनच कुरकुरत होता, 'प्रोटेक्ट' असं दाखवून बंद पडायचा. शेवटी २०२१ मध्ये 'सेट गेला' म्हणून तो काढला, तिसरा बसवला. त्याच वेळी 'मागचे स्पीकर पण गेलेत' असं सांगून मागचे दोन्ही स्पीकर सोडवले, आणि मागे आवाज हवा म्हणून वूफर आणि अँप्लिफायर विकला. ज्याची वायर पुढे जळाली तोच हा अँप्लिफायर.

आता खरं काय होतं ते ऐका. जुन्या रेडिओंमध्ये आणि बऱ्याच कॅसेट प्लेअरमध्ये स्पीकरची एकच वायर सेटपर्यंत यायची. दुसरी, म्हणजे निगेटिव्ह, मागेच गाडीच्या बॉडीला जोडलेली असायची. तेव्हाच्या सेटला ते चालायचं. आजच्या सेटमध्ये तसं नसतं. त्यात प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही टोकांना दोन अँप्लिफायर उलटसुलट ढकलत असतात, आणि दोन्ही टोकं बॉडीच्या मानाने साधारण ६ व्होल्टवर असतात. दोन्हींवर सारखेच ६, म्हणून स्पीकरला फरक पडत नाही. पण त्यातलं एक टोक बॉडीला जोडलेलं असेल तर? दुसऱ्या टोकाचे ६ व्होल्ट स्पीकरच्या ४ ओहममधून सरळ बॉडीत. दीड अँपिअर, सतत, गाणं नसतानाही. आतली चिप शहाणी असेल तर 'प्रोटेक्ट' म्हणून बंद होते. नसेल तर जळते.

मागच्या सीटमागे दोन्ही स्पीकरच्या निगेटिव्ह एकत्र पिळून एका स्क्रूनं बॉडीला लावलेल्या सापडल्या. आजोबांच्या रेडिओपासूनच्या. तो स्क्रू काढून दोन स्वतंत्र वायरी ओढणं एवढंच काम होतं.

'गेलेले' स्पीकर मी घड्याळाच्या सेलनं तपासले. दीड व्होल्टचा सेल दोन टोकांना क्षणभर टेकवायचा, 'टक्' असा आवाज येऊन कागद पुढे सरकला की स्पीकर जिवंत. दोन्ही जिवंत! 'गेलेला' दुसरा सेट माळ्यावरून काढून टेबलावर १२ व्होल्ट देऊन लावला. तोही ठणठणीत. म्हणजे एका स्क्रूपायी आम्ही तीन सेट, एक वूफर, एक अँप्लिफायर असे सव्वीस हजारांच्या घरात घातले, आणि वर आग विकत घेतली.

जाता जाता, त्या सेटच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असं छापलंय. गाडी चालू असताना फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला, काहीही वाया जात नाही असं धरूनसुद्धा, जास्तीत जास्त २६ वॅट स्वच्छ आवाज देता येतो. ५० चा आकडा येतो तो आवाज पार फाटून चौकोनी लाट झाल्यावर. पण आपण खोकं वाचून सेट घेतो आणि वायर मात्र 'असेल ती लावा' म्हणतो. असो.

आता भांडण. एवढं वाचून तुम्हाला वाटेल की माझा राग इलेक्ट्रिशियनवर आहे. मलाही तसंच वाटत होतं. तावातावानं मी ती चांदी गुंडाळलेला फ्यूज खिशात घालून त्याच्या दुकानात गेलो. काकांनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "हे माझं काम नाही. पण मी केलं नसतं असंही नाही सांगत."

मग म्हणाले, "साहेब, तुमच्या बाबांनी गाडी आणली तेव्हा काय सांगितलं माहितीये? एक तासात जायचंय, पटकन करून द्या. फिटिंगचे तीनशे. आता तीनशेत मी डॅशबोर्ड खोलून जुन्या वायरी कुठून कुठे जातात ते शोधत बसलो, तर दिवसाचं काय? आणि शोधायचे हजार रुपये मागितले असते, तर दिले असते का तुम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण उत्तर मला माहीत होतं. नसते दिले. सेटला नऊ हजार आम्ही घासाघीस न करता दिले, कारण सेट दिसतो, चमकतो, त्याला रिमोट असतो. शोधण्याचे हजार म्हणजे आम्हाला लुबाडणूक वाटली असती. 'नुसतं बघायचे हजार?' हे वाक्य आमच्या घरात नक्की बोललं गेलं असतं, आणि शक्यता अशी की ते मीच बोललो असतो.

म्हणजे भांडण आपल्याशी आहे, मंडळी. वस्तूचे पैसे द्यायला आपण तयार, हाताचे पैसे द्यायला कुरकुरत तयार, पण दोष शोधण्याचे पैसे द्यायला अजिबात तयार नाही. आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम कोण करील? मग इलेक्ट्रिशियन तेच करतो जे आपण विकत घेतो. जुनं काढा, नवं लावा, डायरेक्ट द्या. 'डायरेक्ट दिलंय' हा ह्या धंद्यातला शब्द आहे. फ्यूज, स्विच, रिले, जे काही मधे येईल ते वगळून सरळ जोडलं की ते डायरेक्ट. गिऱ्हाईक खूष, कारण चालतंय ना!

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे मला कुणाला शहाणपण शिकवायचा फारसा हक्क नाही. आमच्याकडेही एरर येते म्हणून एरर तपासणाऱ्या ओळीच काढून टाकणारे महाभाग आहेत. ती सिगरेटची चांदीच, फक्त तिला धूर येत नाही.

दुसरा एक गट आहे, त्यांनाही उत्तर देऊन टाकतो. जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांचं म्हणणं, "पद्मिनीत ब्लूटूथ कशाला? काढून टाक सगळं, ओरिजिनल ठेव." दिसायला हे तत्त्वनिष्ठ वाटतं, पण ही पळवाट आहे. आमची गाडी प्रदर्शनातली नाही. आजीला त्यात विविध भारती लावून बसायचं असतं, तसं ती ३५ वर्षं बसत आलीये. प्रश्न नवा सेट लावायचा की नाही हा नाहीच. प्रश्न, लावताना जुन्याला विचारलं का, हा आहे. आणि 'ओरिजिनल' म्हणाल तर पस्तीस वर्षांच्या जुन्या वायरीचं इन्सुलेशनही ओरिजिनलच असतं, हात लावला की भुगा होतो. त्याचं काय करणार?

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. काकांना सांगितलं, शोधण्याचे पैसे वेगळे, तासावर. दोन रविवार ते आमच्या पार्किंगमध्ये आले. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली जी चार वर्षांच्या डिग्रीत कुणी शिकवली नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी. संशयित वायरीतून हा बल्ब पेटवायचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर खरोखर वाहतात, आणि मग वायर हलवत जायची. जिथे बल्ब मंद होतो तिथे दोष. मल्टिमीटर ज्या वायरींना बीप देऊन पास करत होता त्यातल्या तीन ह्या बल्बनं नापास केल्या.

मग सगळे थर काढून टाकले. बॅटरीपासून एक नवी वायर, बॅटरीच्या वीतभर अंतरात १० अँपिअरचा फ्यूज, पत्र्याच्या भोकाला रबर बूश. जोड पिळून नाही, थिंबल दाबून आणि वर स्लीव्ह. अर्थसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर स्क्रू, आणि सेट जोरात चालू असताना तिथून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर ०.१ व्होल्टच्या आत. चारही स्पीकरना स्वतंत्र दोन-दोन वायरी. पिवळी कायमची, लाल चावीवरची, काळी अर्थ. जगभर सेटच्या मागे बहुतेक हेच रंग असतात, आपणच ते डॅशबोर्डमध्ये शिरताना विसरतो. सेट बंद असताना बॅटरीतून किती करंट जातो तेही मोजलं, ५ मिलिअँपिअर. आणि माळ्यावरचा दुसरा सेटच पुन्हा बसवला. नवीन काही घेतलं नाही. एकूण खर्च तीन हजार आठशे, त्यातले अडीच हजार काकांचे. वाटतात तेवढे जास्त नाहीत.

शेवटचं काम मी केलं. एका कागदावर सगळ्या वायरींची आकृती काढली, रंग, जाडी, फ्यूज, तारीख सगळं लिहून, आणि ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून आरसीबुकाबरोबर गाडीत ठेवली. पुढे जो कोणी हा डॅशबोर्ड उघडेल त्याला उत्खनन करावं लागू नये म्हणून.

तर वाचकहो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर ह्या रविवारी दोनच गोष्टी करा. बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून नंतर जोडलेल्या वायरी किती निघतात ते मोजा. प्रत्येकीला वीतभराच्या आत फ्यूज आहे का बघा. आणि पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियनकडे गेलात की 'पटकन करून द्या' म्हणायच्या ऐवजी विचारा, "आधी शोधायचे किती घ्याल?" तो जरा चमकेल, कारण हे त्याला कुणी विचारत नाही.

परवा आम्ही पुन्हा वाईला जाऊन आलो. घाटात बाबांनी आवाज वाढवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता चालतंय ना?"

म्हटलं, "हो. आणि का चालतंय ते पण आता माहितीये."